आकडा लावणाऱ्यानं बसायचं

आई,

त्या दिवशी तू प्रेससमोरच्या स्टुलावरून उठलीस, ते मी इतक्या वर्षांत कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला गेले की ती गोष्ट बाबांची होते, नाहीतर माझ्या पेटीची होते, आणि तू बाजूलाच राहतेस. तू गेल्याला तीसेक वर्षं होत आली. तुझ्यामागून बाबाही गेले. आपल्या गाळ्याच्या जागेवर आता सात मजले उभे आहेत आणि खाली मोबाइलचं दुकान आहे. तेव्हा आता तुलाच सांगते. तू तिथेच होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही, आणि ते सांगायचं मी टाळत आले.

वसईजवळ उमेळ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला, आपल्या भातखाचराच्या कडेला बाबांनी तो पत्र्याचा गाळा उभा केला होता. मुंबईच्या कारखान्यात वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या प्रेसवर काम केल्यावर लोखंडी पट्ट्यांना दाबून आकार देणारी स्वतःची एक जुनी प्रेस त्यांनी आणली, आणि तिचं कौतुक तरी किती! घरात मला ताप आला तर ते म्हणत उद्या उतरेल, आणि प्रेसचं बेअरिंग तापलं की जेवण सुटायचं. त्या प्रेसवर बसायचीस मात्र तू. बाबा डाय, म्हणजे तुकड्याचा लोखंडी साचा, बांधणार, सेटिंग करणार, आणि मग तू स्टुलावर बसून डाव्या हातानं पट्टी आत सरकवणार, उजवा पाय पायडलवर दाबणार, वरून दणका येणार, आणि तू तयार तुकडा बाहेर काढणार. पट्टी आत, पाय, दणका, हात आत, तुकडा बाहेर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. हात आत जाऊ नये म्हणून केलेली जाळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती, कारण जाळी लावली की काम रेंगाळतं. शेजारच्या गाळ्यातला कारागीर चहाचा ग्लास तीन बोटांत धरायचा. बाकीची दोन कुठे गेली हे त्याला कुणी विचारत नसे. आपल्या त्या सगळ्या पट्ट्यात तो प्रश्न विचारायची रीतच नव्हती. बाई प्रेसवर बसते म्हणून कुणी नाक मुरडलं तर बाबा अभिमानानं सांगत, हिच्या हाताइतका स्थिर हात मी मुंबईतही पाहिला नाही. तू हे ऐकून पदर नीट करायचीस आणि पुढची पट्टी उचलायचीस. मी लहानपणी घरात अभ्यासाला बसले की तो दणका कानावर यायचा, आणि मध्येच थांबला की माझी पेन्सिलही थांबायची. पुन्हा सुरू झाला की मी पुढचं गणित करायचे.

मी डिप्लोमा करून वसईतल्याच एका मापनयंत्रांच्या कंपनीत लागले, आणि दोनेक वर्षांनी आमच्याकडे ती पेटी तयार झाली. तुला तेव्हा मी घाईघाईत समजावलं होतं, आता नीट सांगते. प्रेस दणका देते तेव्हा तिचं ते जाडजूड लोखंडी अंगसुद्धा केसाएवढं ताणलं जातं. तो ताण ओळखणारे दोन सेन्सर प्रेसच्या दोन्ही अंगांना स्क्रूनं आवळायचे, त्यांच्या तारा पेटीत आणायच्या, आणि प्रत्येक दणका किती टनांचा पडला ते पेटीवर लाल आकड्यांत दिसतं. पेटीला एक बटण असतं. त्यावर मर्यादा लावायची. दणका मर्यादेबाहेर गेला की पेटी मोटर बंद करते. पण मोटर बंद झाली तरी प्रेसचं ते मोठं चाक फिरतच असतं, आणि फिरत्या चाकात एक दणका शिल्लक असतो. माणसाला वाटतं मशीन थांबलं, तो निर्धास्त हात घालतो, पाय चुकून दाबला जातो. म्हणून मी पायडललासुद्धा एक खिटी बसवली होती. मर्यादा ओलांडली की ती खिटी खाली पडून पायडल अडवायची. कंपनीला पेटी तपासायला एखादी जुनी प्रेस हवी होती. मी आपली सुचवली. साहेबांना सांगितलं, घरची आहे, परवानगीचा त्रास नाही. खरं कारण तू होतीस.

पहिला दिवस चांगला गेला. सेन्सर लावायला प्रेसच्या अंगावरचा रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागलं, तेव्हा बाबा बाहेर जाऊन उभे राहिले, लेकराला सुई टोचताना बापानं तोंड फिरवावं तसे. पण वजन मोजणारा लोखंडी ठोकळा डायच्या जागी ठेवून दणके द्यायला लागले तसे ते आपोआप आत आले. ठोकळा सांगतो तो खरा भार. पेटीचा आकडा त्याच्याशी जुळेपर्यंत बारीक स्क्रू फिरवत राहायचं. बाबा चाक फिरवत होते, मी स्क्रू फिरवत होते, आणि आकडे जुळले तेव्हा बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अशी थाप मला डिप्लोम्याच्या निकालालाही मिळाली नव्हती. प्रेसच्या पाटीवर साठ टन लिहिलं होतं, म्हणून मर्यादा साठाला लावायची असं दोघांनी मिळून ठरवलं. ते बटण कसं फिरवायचं हे मी त्यांना हौसेनं दाखवलं. तू चहा घेऊन आलीस आणि विचारलंस, हा आकडा मशीनसाठी का माझ्यासाठी? मी म्हटलं दोघांसाठी. तू बरं म्हणून कप गोळा केलेस.

दुसऱ्या दिवशी नवं काम सुरू झालं. स्कूटरच्या स्टँडची पट्टी, चांगली जाड, आणि तिला मधोमध रुपयाएवढं भोक. मुंबईच्या कंपनीचं काम होतं, आणि दुपारनंतर त्यांचा माणूस नमुने बघायला येणार होता. पसंत पडले तर काम आपलं, नाहीतर विरारचा एक गाळेवाला टपूनच बसला होता. गणपतीपासून प्रेसला नुसतं पट्ट्या वाकवण्याचं किरकोळ काम होतं, त्यामुळे बाबा सकाळपासून गप्प होते, आणि ते गप्प असले की आपण दोघीही हळू बोलायचो. पहिले दणके पन्नासच्या आसपास पडले. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी वायरी बघत, आकडे बघत तुझ्या मागे उभी राहिले.

मग आकडा चढायला लागला. एकदम नाही. बावन्न, पुन्हा बावन्न, त्रेपन्न. थोड्या वेळानं पंचावन्न. मला वाटलं दोनचार पट्ट्या जाड आल्या असतील. मी पट्ट्या मोजून पाहिल्या, जाडी सगळ्यांची सारखी. सत्तावन्न. तुझी लय तीच होती, पट्टी आत, पाय, दणका, हात आत. आकडा तुझ्या डोक्याच्या वर, भिंतीवरच्या पेटीत होता. तुला तो दिसत नव्हता, मला दिसत होता. एकोणसाठ. आणि पुढच्या दणक्याला पेटी वाजली, मोटरचा आवाज खाली बसला, खिटी खटकन पडली. तू पाय उचललास आणि हात मांडीवर ठेवून बसलीस, शाळेत बाई वर्गात आल्यावर मुली बसतात तशी.

बाबांनी डाय तपासली, वरून भोक पाडणाऱ्या पंचाची धार बोटानं बघितली. काही नाही. पुन्हा सुरू केलं, थोड्याच दणक्यांत पुन्हा बंद. बाबा म्हणाले पेटीला ऊन बाधलंय. आई, ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते, आणि तीच माझी पंचाईत होती. छपरातल्या प्लास्टिकच्या पत्र्यातून ऑक्टोबरचं ऊन नेमकं डाव्या सेन्सरवर पडत होतं, आणि आमची पेटी तापली की आकडा सरकतो हे मी कंपनीत स्वतः पाहिलेलं होतं. मी तुझा घाम पुसायचा टॉवेल ओला करून सेन्सरवर घातला. बंद मशीनवर पेटी काय दाखवते ते बघितलं. शून्य. टॉवेल काढून बघितलं, तरी शून्यच. म्हणजे पेटी ठीक होती, निदान मला तसं वाटलं. पण छातीठोक सांगता आलं नाही. बाबा समोर उभे राहून विचारत होते, पेटी खरी का माझी प्रेस खरी, आणि मी वायरी चाचपत होते. तिसऱ्यांदा मशीन बंद पडलं तेव्हा बाबांनी घड्याळाकडे बघितलं.

"आकडा वर घे," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. साठ म्हणजे साठ, पाटीवर लिहिलंय. "लोखंड हाय ते," बाबा म्हणाले. "पाटीवर साठ लिवलंय म्हनून साठाला मोडत नाय. याच लोखंडावर शिकलीस ना तू?" ते वाक्य त्यांनी आवाज न चढवता म्हटलं. मला ते इतकं लागलं की मीही आवाज चढवला. म्हटलं, मोडलं तर पंचाचे तुकडे उडतील आणि ते तुमच्या पाटीवर नाही, आईच्या तोंडावर उडतील. ते म्हणाले, इतकी वर्षं उडाले नाहीत ते आज उडतील का. मी म्हटलं, इतकी वर्षं तुम्हाला आकडाच दिसत नव्हता. बाबा माझ्या बाजूनं पुढे झाले, आणि आदल्या दिवशी मीच शिकवलेलं बटण त्यांनी फिरवलं. साठाचे पंच्याहत्तर केले. मी ते परत साठावर आणलं. त्यांनी पुन्हा पंच्याहत्तर केले. तुझ्या डोक्यावरून आमचे दोघांचे हात चालले होते, आणि तू मध्ये स्टुलावर, पाय पायडलच्या शेजारी, हात मांडीवर. आम्ही दोघंही तुझ्याच जिवासाठी, तुझ्याच घरासाठी भांडतोय असं आम्हाला वाटत होतं, आणि तुला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

तेव्हा तू उठलीस. स्टूल मागे सरकवलंस, डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर टाकलंस.

"आमच्यात ज्यानं उघाडी लावली, त्यानंच उधानाला बांधावर बसायचं," तू म्हणालीस. "आकडा कोन लावतो ते तुमी ठरवा. जो लावंल तो इथं बसंल. मी नाय बसत."

तुझ्या माहेरची ती रीत मला ऐकून माहीत होती. खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, ती उघाडी, ज्यानं बंद केली असेल तोच माणूस भरतीला तिच्याशेजारी बसून राहतो. बांध फुटला तर पहिलं पाणी त्याच्या अंगावर यावं, म्हणजे दार लावताना हात हलगर्जी करत नाही. तुझे वडील तसे बसत, तू लहानपणी त्यांना भाकरी पोचवायला जायचीस. पण बाबांच्या गाळ्यात, बाबांच्या मशीनसमोर ती रीत कुणी काढेल, आणि ती तू काढशील, असं आम्हा दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

बाबांचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. त्यांनी पंच्याहत्तरचा आकडा तसाच ठेवला आणि स्टुलावर बसले. तुझ्या उंचीचं स्टूल त्यांना बुटकं होतं, गुडघे वर आले. मोटर सुरू केली. चाकानं वेग घेतला. त्यांनी पट्टी आत सरकवली आणि पाय दाबला. त्रेसष्ट. तुकडा काढला, दुसरी पट्टी. सहासष्ट. आता दणक्याचा आवाज मलाही वेगळा वाटायला लागला, बोदा आणि जड. फळीवरचा चहाचा ग्लास सरकला. बाबांनी तिसरी पट्टी घातली. सत्तर. त्यांना हात आत घालून तो तुकडा काढायचा होता. तो त्यांनी काढला, पण नेहमीसारखा नाही. बाहेरून अंदाज घेत, दोन बोटांनी. पुढची पट्टी त्यांनी आत सरकवली आणि पाय पायडलवर ठेवून तसेच राहिले. तू माझ्याजवळ उभी होतीस. मला त्यांची पाठ दिसत होती, शर्ट घामानं चिकटलेला, आणि तो पाय. मी मनात म्हणत होते, नका दाबू, नका दाबू. मोठ्यानं म्हणाले असते तर हट्टानं दाबला असता.

त्यांनी पाय उचलला. मोटर स्वतःच्या हातानं बंद केली, चाक पुरतं थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले, तुझ्यासारखेच. मग म्हणाले, "खालून काहीतरी वर येतंय."

हे बोलता बोलताच त्यांना आठवलं असणार, कारण ते पहार घेऊन थेट गाळ्याच्या मागे गेले. आपण दोघी मागोमाग. प्रेस उंच ओट्यावर होती, आणि भोक पाडल्यावर पडणाऱ्या गोल चकत्या ओट्यातल्या पाइपातून मागे बाहेर जात. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला खाडीचं पाणी गाळ्यापर्यंत यायचं, तर बाबांनी त्या पाइपाचं तोंड चिखलानं लिंपून टाकलं होतं, बांधाचं भगदाड लिंपावं तसं घट्ट, भाताचा पेंढा घालून. बांधावर वाढलेला माणूस, पाणी आत येईल असं भोक दिसलं की आधी ते बुजवणार. मग पाणी ओसरलं, किरकोळ कामाला भोक नव्हतं, चकत्या पडत नव्हत्या, आणि तो चिखल वाळून सिमेंटसारखा झाला होता. आज सकाळपासून पडलेल्या सगळ्या चकत्या पाइपात साचत साचत डायपर्यंत वर आल्या होत्या, आणि पंच पट्टीबरोबर त्या चकत्यांच्या थप्पीवर आपटत होता. आणखी थोडे दणके, की पंच फुटला असता. बाबांनी पहार घातली. चिखल सुटला, तरी क्षणभर काही आलं नाही. मग चकत्या खळखळून बाहेर पडल्या, त्यांच्या पावलांवर पडल्या. तू पदर तोंडाला लावून हसायला लागलीस. बाबाही हसले, जरा उशिरानं. मला हसू आलं नाही. मी ओट्यावर बसले आणि रडले, आणि तुम्ही दोघांनी मी पेटी खरी ठरल्यामुळे रडतेय असा समज करून घेतलात.

मुंबईच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा आपण अजून डाय साफ करत होतो. बाबांनी त्याला काही लपवलं नाही, चिखलापासून सगळं सांगितलं, याचं मला नवल वाटलं. तो वैतागला, चहा प्यायला, नमुने घेऊन गेला. काम आपल्याकडे राहिलं. त्या दिवशी उरलेल्या पट्ट्या बाबांनीच मारल्या, मर्यादा साठाला लावून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कंपनीत जायला निघाले असताना, तू मला गाळ्यात बोलावून विचारलंस, ते बटण कसं फिरवायचं. मी दाखवलं. तू साठाचे पंचावन्न केलेस, खिळ्यावरची जाळी काढून प्रेसला लावलीस आणि मग बसलीस. बाबा तेल घालत होते. त्यांनी पेटीकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, आणि तेल घालत राहिले. पुढे तू प्रेसवर होतीस तोवर त्या बटणाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

मी नंतर कितीतरी कारखान्यांत त्या पेट्या बसवल्या, पुण्याला, नाशिकला, वापीला. मर्यादा लावून झाली की पहिले दहाबारा दणके मी स्वतः बसून मारायचे. मालक अवघडायचे, मॅडम तुम्ही कशाला म्हणायचे. मी सांगायचे, आमच्या कंपनीचा नियम आहे. असा काही नियम नव्हता. तिथे बसल्यावर मला दर वेळी कळायचं की समोर उभं राहून दिसणारा आकडा आणि स्टुलावर बसून ऐकू येणारा दणका यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.  पेटी माझी, मर्यादा माझी, खिटी माझी, तरी तुकडा मी दोन बोटांनीच काढायचे.

हे सगळं लिहिलं, पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. बाबा पायडलवर पाय ठेवून थांबले होते तेव्हा तू माझं मनगट धरलंस. मी तुझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, रोजचाच चेहरा. पण तुझा हात गार पडला होता आणि थरथरत होता, बाबांना मुंबईत दिसला नाही असा तो स्थिर हात. त्याच्या आदल्या घटकेपर्यंत तू स्वतः तिथे बसली होतीस आणि काही बोलली नव्हतीस. बाबांचा हात आत जाताना मात्र तुला बघवेना. रोज त्या स्टुलावर बसून तू डोळ्यांसमोर काय काय बघत असशील हे मला त्या हातावरून एकदम समजलं.

त्यानंतर तू बरीच वर्षं होतीस. आपण दोघी कितीदा एकट्या बसलो, भाजी निवडत, मासळी साफ करत, दवाखान्याच्या बाकावर. तुला रोज भीती वाटायची का, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खोटं बोलली नसतीस. आणि मग घरात बसून मी जी गणितं केली, ती सगळी तू घाबरून बसली असताना केली, हे मला तुझ्या तोंडून ऐकावं लागलं असतं.